वेष्टनही उपयोगी पडावे



दिवाळी तोंडावर आली. आता फराळाचे डबे या घरून त्या घरी जातील, भाऊबीजेला भेटी दिल्या-घेतल्या जातील. आज चार शब्द बोलायचे आहेत ते त्या भेटींवरच्या वेष्टनाविषयी. एवढ्याशा कागदाबद्दल काय बोलायचं, असं तुम्ही म्हणाल. पण भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी गावचा उकिरडा पाहून या. चकचकीत कागद, पातळ पिशव्या, आणि त्यांत तोंड घालून उभी असलेली एखादी गाय! लाडवाच्या वासानं ती पिशवीही गिळते. प्लास्टिक काही पचत नाही. पोटात त्याचा गोळा होतो, चारा जाईनासा होतो आणि जनावर खंगत जातं. वसुबारसेला जिची पूजा केली, तिच्याच पोटात आठवड्याच्या आत हे जावं, हे बरं आहे का?

महाराष्ट्रात 2018 साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. मिठाईच्या खोक्यांवर गुंडाळायच्या प्लास्टिकलाही 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. तरी घरात काय वापरायचं, हे शेवटी आपल्याच हाती असतं.

शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात एक सोपी परीक्षा करून दाखवावी. वेष्टनाचा तुकडा मुठीत घट्ट चुरगाळायचा आणि मूठ उघडायची. तुकडा चुरगळलेलाच राहिला, तर बहुधा तो साधा कागद. आपोआप उलगडू लागला, तर त्यात प्लास्टिक आहे असं समजावं. मुलं हे घरी जाऊन आईला सांगतील, बरं का!

मग गुंडाळायचं कशात? बहिणीला खण देणारच ना? मग त्या खणातच भेट बांधा. कापड पसरून वस्तू मधोमध तिरपी ठेवायची, समोरासमोरची दोन टोकं तिच्यावर घ्यायची आणि उरलेल्या दोन टोकांची वर गाठ मारायची. झाली पुरचुंडी! जुन्या सुती साडीचा धुतलेला तुकडाही चालेल. दोरा हवा असेल, तर केळीचं वाळलेलं सोपट पाण्यात भिजवून घ्या. ते मऊ होतं आणि छान बांधलं जातं. गाठीत झेंडूचं एक फूल खोवा. पुस्तकाला जुन्या वर्तमानपत्राचं वेष्टन करा, पण फराळाला मात्र छापील कागद लावू नका. शाई खाण्याला लागते. चिवडा-चकल्या डब्यातच बऱ्या, मऊ पडत नाहीत.

आणि डबा म्हटलं, की आपली जुनी रीत आठवते. शेजारणीचा डबा रिकामा परत जात नसे. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी त्यात पडे. म्हणजे ते वेष्टन पुन्हा भेट घेऊनच माघारी येई. या दिवाळीत भेट बांधताना स्वतःला एवढंच विचारा: उघडल्यावर याचं काय होणार?