न खपणाऱ्या यंत्राचा आराखडा

जमिनीत पाणी कोठे लागेल हा प्रश्न देवासकरांस नवा नाही. १९९० साली या शहरास पिण्याचे पाणी आगगाडीने आणून द्यावे लागले होते. माळव्यात शेतोशेती कूपनलिका खोदल्या गेल्या, आणि कोरड्या निघालेल्या नळीमागे बहुधा एखाद्या कुटुंबाचे कर्ज असते.

भूगर्भातील पाण्याचा अंदाज देणारे एक विद्युत्-यंत्र आहे. त्यास भूरोधमापक म्हणू. लोखंडाच्या चार सळया एका रेषेत, सारख्या अंतरावर जमिनीत रोवावयाच्या. बाहेरच्या दोन सळयांतून विद्युत्प्रवाह सोडावयाचा आणि आतल्या दोहोंमधील विद्युत्दाब मोजावयाचा. दाबास प्रवाहाने भागले की जमिनीचा रोध कळतो. सळयांतील अंतर वाढवीत नेले म्हणजे अधिकाधिक खोलीची वार्ता मिळते. अखंड काळा खडक प्रवाहास फार अडवितो, पाणी मुरलेला झिजका खडक कमी अडवितो. मात्र चिकणमातीही कमीच अडविते. म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबून चालत नाही, स्थानिक जमिनीची ओळख हवी.

असे यंत्र एखाद्या हुशार कारागिराने स्वस्तात जुळविले तरी ते खपावयाचे नाही. गावास ते वर्षातून चार दिवस लागणार, आणि चार गावांत मिळून एक पुरणार. हजारांनी माल काढणाऱ्या कारखानदाराने त्यात भांडवल का गुंतवावे? त्याचा यात दोष नाही. परंतु मग तो आराखडा पेटीत पडून राहतो आणि करणाऱ्याबरोबर नाहीसा होतो. मला ही उधळपट्टी वाटते. जे विकता येत नाही ते निदान देता तरी येते.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करीत विज्ञान शिकावे, ही तेथील रीत. भूरोधमापकाने पाणी शोधण्याचे कामही तेथे ग्रामीण तरुणांना शिकविले गेले. पुढे २००२ साली मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविज्ञान संस्थेच्या सहकार्याने तेथे ‘फॅब लॅब’ उभी राहिली. गावाला लागणारे उपकरण गावातच घडवावे, हा तिचा हेतू. अशा ठिकाणी खपाचा प्रश्न गौण ठरतो. आराखडा हाती असला म्हणजे झाले.

आराखडा देणे म्हणजे यंत्राचे छायाचित्र देणे नव्हे. मंडलाची आकृती, सुट्या भागांची यादी, मापनाची पडताळणी आणि यंत्र कोठे चुकते याची कबुली, हे सारे द्यावे लागते. सळयांवर रासायनिक क्रियेने खोटा दाब निर्माण होतो, तो टाळण्यास प्रवाहाची दिशा वारंवार उलटावी लागते. एवढी एक ओळ राहिली तरी नक्कल करणारा महिनाभर चाचपडेल.

‘फुकट दिले तर दुसराच श्रेय लाटील’, ही भीती मात्र निराधार नाही. जगदीशचंद्र बसूंनी रेडिओलहरी टिपणारा पाऱ्याचा शोधक १८९९ साली रॉयल सोसायटीपुढे निबंधरूपाने मांडला. १९०१ साली अटलांटिकपलीकडचा संदेश टिपताना मार्कोनीने वापरलेला शोधक त्याच जातीचा होता; तो इटालियन नौदलाकडून आला, आणि बसूंचे नाव त्यावर नव्हते. आज याला तोड आहे. जिनिव्हाच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेने २०११ साली खुल्या यंत्ररचनांसाठी परवानापत्र प्रसिद्ध केले. वाटेल त्याने यंत्र करावे, विकावेही. पण मूळ कर्त्याची नोंद राखावी आणि सुधारलेल्या यंत्राचा आराखडाही तसाच खुला ठेवावा, अशी त्यामागील कल्पना. शिवाय एकदा प्रसिद्ध झालेली रचना नवी राहत नाही, त्यामुळे तिच्यावर मागाहून कोणाला रीतसर एकस्व मिळू नये.

आमच्या शाळांनी हे काम अवश्य हाती घ्यावे. पाणी ठाऊक असलेल्या विहिरींजवळ पावसाळ्यापूर्वी आणि नंतर मुलांनी मोजमापे घ्यावीत, शेजारी पाण्याची पातळी लिहावी, आणि माळव्याच्या जमिनीचा तो तक्ता खुल्या आराखड्यास जोडून द्यावा.