वाड्यापलीकडचे निळू फुले

शिरूर कासार तालुक्यातल्या बचत गटांच्या वतीनं आम्ही बोलतोय. गटाचं नाव आलं की ऐकणारणीला वाटतं, आता हप्ता, व्याज, शेळीपालन नाहीतर पापड. ते आपलं नेहमीचं आहेच. आज मात्र आम्ही एका नटाविषयी बोलणार आहोत. निळू फुले. १३ जुलै २००९ ला ते पुण्यात गेले. जुलै महिना चालू आहे, आणि आपल्याकडे हेच उचलीचेही दिवस. या दोन गोष्टींचा काय संबंध, ते पुढं कळेलच.

निळूभाऊंचं नाव काढलं की समोरच्याचं वाक्य ठरलेलं असतं. 'बाई, वाड्यावर या.' पोरं मोबाइलवर त्याची चित्रं फिरवतात, गणपतीच्या कार्यक्रमात नक्कल होते, कॉलेजच्या पोरी एसटीत चढल्या की मागच्या बाकावरून हेच ऐकू येतं. आमच्यातली एक जण घरकुलाचं विचारायला एका कचेरीत गेली होती. तिथल्या एकानं घोगरा आवाज काढून हेच म्हटलं आणि बाकीचे हसले. ती अर्ज न देताच परत आली. दुसऱ्या दिवशी आम्ही पाच जणी मिळून गेलो. अर्ज घेतला, पोचही दिली. त्या दिवशी कुणाचाच घसा घोगरा झाला नाही.

हे वाक्य नेमकं कुठल्या सिनेमातलं, असं त्या पोरांना विचारा. आम्ही विचारून पाहिलंय. गाडी तिथंच अडते. पन्नास सिनेमांतला पाटील, सरपंच, सावकार एका वाक्यात कोंबून ते या माणसाच्या कपाळावर चिकटवलंय, आणि आता ते बाईला गप्प करायला वापरतात. आम्हाला याचा राग आहे. बाईसाठी आहे, तेवढाच त्या माणसासाठीही आहे.

कारण तो माणूस असा नव्हता. तरुणपणी पुण्यात आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजच्या बागेत तो माळीकाम करायचा. राष्ट्र सेवा दलात वाढलेला. पगार तो केवढा असणार, पण त्यातलेही काही पैसे सेवा दलाला द्यायचा. 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्यानं त्याचं नाव झालं. पुढं सिनेमात मोठं नाव झाल्यावरही अंधश्रद्धेच्या विरोधातल्या कामाला तो जायचा. सामाजिक कार्यकर्त्यांच्या घरची चूल पेटत राहावी म्हणून डॉ. श्रीराम लागूंच्या बरोबर सामाजिक कृतज्ञता निधीसाठी त्यानं काम केलं. असा माणूस पडद्यावर आला की आपल्या आज्या-माया कडाकडा बोटं मोडायच्या. आमच्या एका मावशी सांगतात, तंबूतल्या टॉकीजमध्ये निळू फुले दिसला की बायका पदर सावरून बसायच्या. पडद्यावरून तो बघतोय असं वाटायचं म्हणे.

सुरुवात झाली १९६८ साली, 'एक गाव बारा भानगडी' या अनंत माने यांच्या सिनेमानं. त्यात निळूभाऊंनी झेले अण्णा केला. गावातला बेरकी, कळलाव्या माणूस. तो इतका जमला की त्याच मापाचे कपडे घेऊन निर्माते दाराशी उभे राहिले. नंतर त्यांनी पुष्कळ सिनेमे केले, आणि खरं सांगायचं तर त्यातले बरेचसे पुन्हा बघावेत असे नाहीत. बाई रडणार, पाटील हसणार, शेवटी हिरो येऊन मारामारी करणार. पण त्या पडेल सिनेमातही निळूभाऊ ओरडताना फारसे दिसत नाहीत, हे लक्ष देऊन बघा. बाकीचे खलनायक डोळे वटारतात, टेबलावर मूठ आपटतात. हे आवाज खाली आणतात. शब्द ओढत बोलतात. मान जराशी तिरकी. ज्याचं सगळं गाव ऐकतं त्याला ओरडायची गरज काय, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

हे सगळ्यात चांगलं दिसतं ते 'सामना'त. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि डॉ. जब्बार पटेलांनी केलेला हा सिनेमा १९७५ साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात गेला होता. गेल्या श्रावणात आम्ही तो ग्रामसंघाच्या खोलीत टीव्हीला मोबाइल जोडून बघितला. तीस-बत्तीस बायका होत्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त ऊसतोडीला जाणाऱ्या.

गोष्ट थोडक्यात अशी. हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे साखर कारखान्याचा मालकच म्हणा. नावाला सहकार, पण कारखाना त्याचा, माणसं त्याची, गावही त्याचंच. त्या गावात एक दारुडा मास्तर येऊन पडतो. एके काळी ध्येयवादी असलेला, आता मोडलेला. हे काम डॉ. लागूंचं. हिंदुराव त्याला घरी नेतो, ठेवून घेतो, दारूही पाजतो. मग या मास्तरच्या कानावर मारुती कांबळे हे नाव येतं. गावातला माणूस, आता गावात नाही. त्याचं पुढं काय झालं, एवढाच प्रश्न मास्तर विचारत सुटतो. त्या एका प्रश्नानं सगळा डोलारा हलतो, आणि शेवटी हिंदुराव कायद्याच्या हाती लागतो.

सिनेमा चालू झाला तेव्हा बायका हसत होत्या. निळू फुले म्हटल्यावर आता बाईचा हात धरणार, अशी खात्री होती. तसं काही होईना. हिंदुराव पाहुण्याची विचारपूस करतो. जेवलात का, झोप लागली का. त्याच्या बोलण्यात कारखान्याचा अभिमान आहे, आपण गावाचं भलं केलंय यावर त्याचा खराच विश्वास आहे. अर्ध्या तासानं खोलीत शांतता झाली. मग मागून एक बाई म्हणाली, "आपला मुकादम असाच बोलतो गं." आणि मग जो कालवा झाला, त्यात सिनेमाचा पुढचा एक प्रसंग कुणालाच ऐकू आला नाही. तो मागं नेऊन पुन्हा लावावा लागला.

ज्यांना आपल्याकडची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम पावसाळ्यात घरी येतो आणि उचल देतो, म्हणजे कामाआधीचे पैसे. दसरा-दिवाळीला गाड्या भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात, कोपीत राहतात, आणि पट्टा पडला की परत येतात. कोयता दोघांचा, पण उचल मोजली जाते पुरुषाच्या हातात. कागदावर सही नाहीतर अंगठा त्याचाच. आजारी पडून एक दिवस घरी राहिलं की खाडा, तो मात्र बाईचाही धरतात. हिशेबाच्या वेळी किती फिटलं, किती उरलं, हे बाईला कुणी सांगत नाही. आणि हे सगळं करणारा माणूस दारात आला की शिवी देत नाही बरं का. 'वहिनी, चहा टाका' म्हणतो. पोरांच्या हातात खाऊ ठेवतो. सासूच्या पाया पडतो.

शिवी देणाऱ्या माणसाशी आपण भांडतो. चहा मागणाऱ्याशी कसं भांडायचं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. हिंदुरावाचा गोडवा बघून बायकांना जे उमगलं, ते आम्ही चार प्रशिक्षणांत फळ्यावर लिहूनही सांगू शकलो नसतो. निळूभाऊंनी राक्षस केला असता तर बायका म्हणाल्या असत्या, असा आपल्याकडे कुणी नाही. त्यांनी माणूस केला, म्हणून ओळख पटली.

त्याच श्रावणात आमच्या गटातल्या काही जणींनी एक छोटी गोष्ट सुरू केली. बचतीच्या वहीच्या मागच्या पानांवर उचलीची नोंद. किती मिळाले, कुठल्या तारखेला, कुणाच्या हातात, हंगामात किती खाडे धरले. मुकादमाला वही दाखवून त्याच्यासमोरच लिहायचं. एकीचा मुकादम म्हणाला, आमच्यावर भरवसा नाही का वहिनी? ती म्हणाली, भरवसा आहे, म्हणून तर तुमच्यासमोर लिहिते. परत आल्यावर तिच्या हिशेबात आणि त्याच्या हिशेबात फरक निघाला. दोन दिवस वाद झाला. सगळे पैसे सुटले असं नाही, काही सुटले. दोघींचे नवरे मात्र अजून रागात आहेत, घरातली गोष्ट वहीत का आली म्हणून. तेही सांगायला हवं.

आता निळूभाऊंच्या दुसऱ्या कामांकडे येऊ. 'सखाराम बाइंडर' हे नाटक, सिनेमा नाही, पण त्याच्याशिवाय त्यांच्याविषयी बोलणं अपुरं राहील. १९७२ साली कमलाकर सारंगांनी ते बसवलं. लिहिलेलं पुन्हा तेंडुलकरांनीच. सखाराम पुस्तकं बांधणारा. नवऱ्यानं टाकलेल्या बाईला तो घरी आणतो. लुगडं, दोन वेळचं जेवण, डोक्यावर छप्पर, आणि त्या बदल्यात तिनं काय काय करायचं ते पहिल्याच दिवशी रोखठोक सांगतो. चंपाचं काम लालन सारंग यांनी केलं होतं. त्या नाटकावर केवढा गदारोळ झाला, सेन्सॉरचं प्रकरण कोर्टात गेलं. आम्ही ते रंगमंचावर बघितलेलं नाही, आमचा जन्मही नव्हता. पुस्तक वाचलंय. वाचताना कानात आवाज निळूभाऊंचाच येतो. टाकलेल्या बाया आमच्याही गटांत आहेत. भावाच्या घरी, दिराच्या घरी, छपराच्या बदल्यात राबणाऱ्या. त्यांच्या घरी अटी कुणी बोलून दाखवत नाही, एवढाच फरक. आमच्यातली एक जण म्हणाली, सखाराम वाईटच, पण त्याचा सौदा निदान तोंडावर होता. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

आणि मग 'सिंहासन', १९७९ चा. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरून जब्बार पटेलांनीच केलेला. यात निळूभाऊ दिगू टिपणीस नावाचे पत्रकार आहेत. ना पाटील, ना टोपी, ना मिशीवरचा पीळ. शहरातला थकलेला, शहाणा माणूस. मुख्यमंत्र्यांची खुर्ची कोण ओढतंय, संपामागं कोण आहे, सगळं त्याला कळतं, आणि कळून काही करता येत नाही. सगळ्या दालनांत तो जातो आणि बघत राहतो. ज्या नटानं इतकी वर्षं समोरच्याला नजरेनं घाबरवलं, तोच इथं त्याच डोळ्यांनी फक्त बघतोय. शेवटी त्या बघण्याचा भार त्याला सोसवत नाही. त्याचं ते शेवटचं हसणं आम्हाला रात्रभर झोपू देईना.

इथं एक गंमत बघा. 'सामना'त सत्ता निळूभाऊंकडे आणि प्रश्न विचारणारे लागू. 'सिंहासन'मध्ये लागू मंत्री आणि प्रश्न विचारणारे निळूभाऊ. पाट बदलले. आणि दोन्हीकडे आपल्याला कुठंही खोटं वाटत नाही. चांगला नट म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर हे दोन सिनेमे एकापाठोपाठ लावावेत.

हिंदीतही त्यांनी कामं केली. 'कुली'त ते आहेत. पण महेश भट्ट यांच्या १९८४ च्या 'सारांश'मधला गजानन चित्रे विसरू नका. आपल्या पोरापासून दिवस गेलेल्या मुलीचं मूल नको म्हणून पुढारी बाप गुंड पाठवतो, आणि समोर उभं असतं एक म्हातारं जोडपं. तिथंही आवाज खालीच. धमकी कशी सभ्यपणे देतात ते ऐका.

शेवटी शेवटी 'गोष्ट छोटी डोंगराएवढी' आला, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरचा. मकरंद अनासपुरे आणि सयाजी शिंदे त्यात आहेत. २००९ सालीच आला. त्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर पाटलाची एकही रेघ शिल्लक नाही. आमच्यात एक आजी आहेत, त्या निळू फुल्यांचं नाव काढलं की आजही तोंड वाकडं करतात. त्या सिनेमात त्यांना आम्ही सांगितलं, हा तोच माणूस. त्या म्हणाल्या, शक्यच नाही, हा भला दिसतो.

मैत्रिणींनो, येत्या रविवारी दुपारी तीन वाजता ग्रामसंघाच्या खोलीत 'सिंहासन' दाखवणार आहोत. बसायला सतरंजी कमी पडते, घरून आणा. ज्यांच्या घरी यंदा उचल आलीय त्यांनी बचतीची वही बरोबर आणावी. नोंद कशी करायची ते आम्ही तिथंच दाखवू, मागच्या पानापासून सुरू करायची. नवऱ्यालाही आणलं तरी चालेल. नमस्कार.