मानेतली गाठ



संयोजकांनी मला ‘आयटीतलं काहीतरी’ बोलायला सांगितलं होतं. मी माझ्या दादाबद्दल बोलणार आहे. आपल्या पुढे तीन वर्षं, शाळेच्या कबड्डी संघातला. त्याला विचारूनच बोलते आहे.

दाढी करताना त्याच्या हाताला मानेत गाठ लागली. दुखत नव्हती. अँटिबायोटिकच्या दोन कोर्समध्ये चार महिने गेले. मग बायोप्सी झाली आणि निदान आलं : टॉन्सिलचा कॅन्सर. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, “तंबाखू खायचा का?” दादाने कधी सुपारीसुद्धा खाल्ली नाही.

रिपोर्टमध्ये ‘पी१६ पॉझिटिव्ह’ असा शेरा होता. म्हणजे यामागे बहुधा ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, एचपीव्ही. हाच विषाणू गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारणीभूत असतो, या शोधासाठी हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. त्याचा १६ क्रमांकाचा प्रकार टॉन्सिलमध्ये आणि जिभेच्या मुळाशीही ठाण मांडतो. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगते. बिघडलेला कोड पुढे जाऊ नये म्हणून पेशीत पी५३ नावाचा टेस्टर बसलेला असतो. विषाणूचं ई६ हे प्रथिन त्या टेस्टरलाच संपवतं, आणि ई७ पेशीविभाजनाचा ब्रेक काढून टाकतं. बहुतेकांचा संसर्ग आपोआप जातो. ज्यांचा राहतो, त्यांच्यातल्या काहींना कित्येक वर्षांनी कॅन्सर होतो.

म्हणून तंबाखूला कोणी माफ करू नका. आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचं मुख्य कारण तंबाखू आणि सुपारीच आहे. अमेरिकेत मात्र टॉन्सिलच्या भागातले सुमारे ७० टक्के कॅन्सर एचपीव्हीमुळे होतात असं मानतात.

आता अवघड भाग. बाई समोर बसल्या आहेत, तरी बोलते. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, मुखमैथुनातूनही. हे कळल्यावर नातेवाइकांचे प्रश्न थांबले आणि कुजबुज सुरू झाली. वहिनीने काय सोसलं ते मी पाहिलं आहे. खरं तर बहुतेक विवाहित माणसांना हा संसर्ग कधी ना कधी होऊन जातो. कोणाकडून, केव्हा, ते सांगता येत नाही. वहिनीने हे वाक्य डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेतलं होतं. पर्समध्ये ठेवायची.

एचपीव्हीमुळे झालेला हा कॅन्सर उपचारांना तंबाखूवाल्यापेक्षा चांगली दाद देतो. दादाने रेडिएशनच्या ३५ बैठका काढल्या. लाळ कमी झाली आहे, म्हणून तिसऱ्या रांगेत तो पाण्याची बाटली घेऊन बसलाय.

लस आहे. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक २०२३ मध्ये आली. झालेला संसर्ग ती बरा करत नाही, म्हणून लवकर द्यायची. ९ ते १४ वयात दोन डोस पुरतात. मी मुलासाठी विचारलं तर उत्तर मिळालं, “मुलींची लस आहे ना ती?” मुलांनाही देता येते. गेल्या महिन्यात त्याचा दुसरा डोस झाला. दादाच घेऊन गेला होता.