अपुऱ्या दिवसांच्या बालकाचा श्वास



ज्ञातीच्या वैद्यकीय निधीतून रुग्णालयास कोणते साधन द्यावे, हा प्रश्न आज आपणापुढे आहे. अपुऱ्या दिवसांच्या बालकाची फुफ्फुसे उच्छ्वासाबरोबर मिटतात. त्यांना उघडी ठेवणारा द्रव अशा बालकात पुरेसा नसतो, हे १९५९ साली मेरी एलन एव्हरी व जेरे मीड यांनी दाखविले. १९६३ च्या ऑगस्टात अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा पुत्र याच विकाराने दोन दिवसांत गेला. सत्ता व संपत्ती हाताशी असून उपाय नव्हता!

पुढे १९७१ साली ग्रेगरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अखंड दाबाने हवा देण्याची रीत प्रसिद्ध केली. तिच्या साध्या रूपात हवेची नळी बालकाच्या नाकाशी आणि तिचे दुसरे टोक पाण्यात. ते पाच सेंटिमीटर बुडविले की तेवढाच दाब मिळतो. श्वसनयंत्र याहून कितीतरी महाग. शिवाय त्याच्या दाबाने कोवळ्या फुफ्फुसांस इजा होते, व अहोरात्र शिकलेली परिचारिका लागते. मात्र जे बालक स्वतः श्वासच घेत नाही, त्यास बुडबुडे पुरत नाहीत, हे आम्ही नाकारीत नाही.

प्राणवायूचेही तसेच. १९४० नंतरच्या दशकात तो सढळ हाताने दिल्यामुळे हजारो मुले अंध झाली; पुढे हात आखडला, तेव्हा मृत्यू वाढले.

म्हणून आमचे मत असे, की देणगीदाराच्या पाटीस शोभणाऱ्या एका यंत्राऐवजी बुडबुड्यांची साधने प्राणवायूमापकांसह घ्यावीत, आणि उरलेल्या रकमेतून या बालकांची नेत्रतपासणी जन्मापासून चार आठवड्यांच्या आत व्हावी.