मोठ्या आतड्याचा कर्करोग आणि तपासणीची निवड
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



शौचाचा विषय सभेत काढणे शिष्टसंमत नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु लाजेने धरलेले मौन येथे जिवावर बेतू शकते, म्हणून हे धाडस करीत आहोत. आपल्या कित्येक घरांतील मुले अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. त्यांनी पंचेचाळिशी गाठली की तेथील डॉक्टर या तपासणीविषयी विचारतात. २०२१ सालापासून तेथील तज्ज्ञमंडळाची शिफारस ४५ ते ७५ या वयासाठी आहे.

हा रोग बहुधा आतड्याच्या अस्तरावरील बारीक गाठीतून उद्भवतो. गाठीचा कर्करोग होण्यास पुष्कळदा दहा-दहा वर्षे लागतात. तेवढ्या अवधीत ती सापडली तर काढून टाकता येते.

ती शोधण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिला कोलोनोस्कोपीचा. आदल्या दिवशी जुलाबाचे औषध घेऊन पोट स्वच्छ करावे लागते. मग दुर्बिणीची नळी घालून आतडे पाहतात आणि गाठ दिसल्यास बहुधा तेव्हाच काढतात. काही न आढळल्यास दहा वर्षे पुन्हा करावी लागत नाही. दुसरा मलपरीक्षेचा. नमुना घरीच घ्यावयाचा; डोळ्यांस न दिसणारे रक्त त्यात शोधतात. ही मात्र दरवर्षी करावी लागते.

यांत श्रेष्ठ कोणती, असा प्रश्न स्वाभाविकच उठतो. सॅन फ्रान्सिस्को येथील ९९७ लोकांवरील एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना केवळ कोलोनोस्कोपी सुचविली, त्यांपैकी वर्षभरात शेकडा ३८ जणांनीच तपासणी पुरी केली. ज्यांना मलपरीक्षा सांगितली त्यांपैकी ६७, आणि ज्यांना दोहोंतून निवड करू दिली त्यांपैकी ६९ जणांनी केली. पुढे तीन वर्षांचा हिशेब पाहिला, तेव्हा चित्र पालटले. दरवर्षीची मलपरीक्षा नियमाने करणारे शेकडा १४ च उरले. कोलोनोस्कोपीच्या गटात ३८, आणि निवडीच्या गटात ४२ होते.

यातून आम्ही एवढाच बोध घेतो की, जी तपासणी प्रत्यक्ष पार पडते तीच उपयोगाची. शाळेत आम्ही पाहिले आहे, लादलेला धडा मूल टाळते; स्वतः पत्करलेला मात्र पुरा करते. मोठ्यांची रीत निराळी नाही. म्हणून डॉक्टरांनी दोन्ही मार्ग समजावून सांगावेत आणि रुग्णाने आपणास निभेल तो पत्करावा. मलपरीक्षा निवडणाऱ्याने दरवर्षीची तिथी ठरवून ठेवावी.

तथापि या निवडीस मर्यादा आहेत. मलपरीक्षेत दोष निघाला तर कोलोनोस्कोपी केलीच पाहिजे. तेथे थांबणे म्हणजे पहिली तपासणी व्यर्थ दवडणे होय. शौचावाटे रक्त जात असेल, शौचाची सवय एकाएकी बदलली असेल, अथवा आईवडील वा भावंडांपैकी कोणास हा रोग झाला असेल, तर निवडीचा घोळ न घालता डॉक्टरांकडे जावे. मूळव्याध समजून घरगुती औषधांवर महिने काढू नयेत. हे सांगणे परदेशातील मुलांइतकेच येथे बसलेल्या आपणा सर्वांसही लागू आहे.

घरातील वडीलधाऱ्यांनी हा विषय मुलांशी मोकळेपणाने बोलावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.