पडदा अधू असलेल्या डोळ्यातील मोतीबिंदू
(वार्षिक सभेतील भाषण)



मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची भीती माणदेशात आता फारशी उरलेली नाही. शेजारणीला दिसू लागले, तसे आपल्यालाही दिसेल, या विश्वासाने रुग्ण येतात. हा विश्वास ज्यांच्याबाबत जपून धरावा लागतो, अशा रुग्णांविषयी आज बोलतो.

गढूळ झालेले भिंग काढून कृत्रिम भिंग बसवता येते. लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडले यांनी १९४९ साली ते प्रथम बसवले. परंतु प्रतिमा ज्या दृष्टिपटलावर उमटते, ज्याला आपण पडदा म्हणतो, तो बदलता येत नाही. मधुमेहाने वा वार्धक्याने त्याचा मध्यबिंदू खराब झाला असेल, तर नवे भिंग कितीही स्वच्छ असो, पोथीतील अक्षर लागेलच असे नाही.

मग शस्त्रक्रिया नाकारावी काय? माझ्या मते, बहुधा नाही. दाट मोतीबिंदूआडचा पडदा आम्हांलाही नीट दिसत नाही. तो दिसू लागला की त्याचे उपचार सोपे होतात. शिवाय उंबरठा, चूल, गोठ्याची वाट दिसली तरी माणूस स्वतःच्या पायांनी वावरतो. घरच्यांना हे किरकोळ वाटते, आजींना नाही.

मात्र क्रम महत्त्वाचा. शस्त्रक्रियेनंतर मधुमेही पडद्याची सूज वाढू शकते. म्हणून ती आधी इंजेक्शनांनी वा लेसरने शक्य तितकी आटोक्यात आणावी. पडदा मुळीच दिसत नसेल तर सोनोग्राफी करतो. तीतून पडदा जागेवर आहे की सुटला आहे ते कळते, मध्यबिंदूत किती दृष्टी उरली ते नाही.

गलाईच्या धंद्यानिमित्त परमुलखी गेलेली मुले फोनवरून सांगतात, ‘‘डॉक्टर, सर्वांत भारी भिंग बसवा.’’ त्यांची माया मी जाणतो. पण दूरचे आणि जवळचे दोन्ही दाखवणारे बहुकेंद्री भिंग प्रकाश विभागते. अधू पडद्याला तो तोटा सोसत नाही. अशा डोळ्याला साधे एककेंद्री भिंगच बरे. हे पटवताना, खरे सांगायचे तर, शस्त्रक्रियेपेक्षा अधिक वेळ जातो.

संमतिपत्रावर अंगठा घेण्यापूर्वी रुग्णाला किती दिसेल हे घरच्यांसमक्ष सांगणे आमचे कर्तव्य आहे. आपल्याकडून एवढेच हवे: तपासणीला येताना साखरेचे रिपोर्ट आणि डोळ्यांचे जुने कागद सोबत आणावेत.