ब्रेक दाबताच गाडी थरथरते?

घाट उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरत असेल, तर पहिला संशय पुढच्या डिस्कवर घ्या. सीट हादरत असेल, तर मागच्या ब्रेकवर. ब्रेक न लावताही थरथर असेल, तर व्हील बॅलन्सिंग तपासा.

डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिली नाही, की पॅडची पकड कमीजास्त होते. मिलिमीटरच्या काही शतांश भागांचा फरकही हाताला जाणवतो. मेकॅनिककडून डिस्क मोजून घ्या. किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. जाडी शिल्लक असेल, तर लेथवर घासून भागतं. नसेल, तर दोन्ही बाजूंच्या डिस्क, पॅडसह, एकदमच बदला. डिस्क पुन्हा बिघडू नये, म्हणून चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, सारख्या जोराने आवळा. आणि घाटात गाडी खालच्या गिअरमध्येच उतरवा.